वटारच्या वाडीत लाल रंग हरवला

गेल्या दिवाळीपासून आमच्या घरात रंगांना बंदी आहे. पडदे आणि माझे कुर्ते अजून वाचलेत, पण नितीनच्या कॅमेऱ्यातून जे काही बाहेर पडतं ते काळं-पांढरंच. नितीन हा माझा नवरा. सोमवार ते शुक्रवार अकाउंटंट आणि शनिवार-रविवार कलावंत. त्याने चांगला महागाचा डिजिटल कॅमेरा घेतला तेव्हा दुकानदाराने यात रंग किती खरे येतात हे अर्धा तास उभं राहून समजावलं होतं. घरी आल्यावर याने पहिलं काम काय केलं, तर रंग काढून टाकले. दुसरं काम म्हणजे फोटोवर बारीक दाणे पेरले. जुन्या फिल्मवर ते दाणे आपोआप यायचे, त्याला ग्रेन म्हणतात, आणि आता तो सॉफ्टवेअरमधून मुद्दाम आणावा लागतो. एवढा स्वच्छ फोटो काढायचा आणि मग त्यावर रवा भुरभुरायचा, हे गणित मला अजून सुटलेलं नाही.

पण या छंदामुळेच आम्ही वटारला गेलो. विरारला फ्लॅट घेतल्यापासून आम्ही गोव्याला गेलो, केरळला गेलो, हप्त्यावर सिंगापूरलाही जाऊन आलो. घरापासून स्कूटरवर अर्ध्या तासाच्या अंतरावर असलेल्या वटारला मात्र जायचं सुचलं नाही. तुम्ही विरारच्या बिल्डिंगांमध्ये राहत असाल तर तुमचंही असंच असणार, म्हणून हा लेख.

झालं असं, की वैशाली नावाची माझी ऑफिसमधली मैत्रीण वटारची सून आहे. तिच्या सासऱ्यांनी ऐंशी ओलांडली आणि घरात सहस्रचंद्रदर्शनाची तयारी सुरू झाली. एक दिवस डबा खाताना तिने विचारलं, "तुझा नवरा ते जुन्यासारखे फोटो करतो ना?"

मी म्हटलं, "करतो. नव्यासारखे करायचं विसरलाय."

मग तिने सांगितलं. तिच्या सासू-सासऱ्यांचा लग्नातला एकही फोटो नाही. फोटोग्राफर आला होता, दिवसभर सगळ्यांना हनुवटी वर, हनुवटी खाली करायला लावून गेला होता. नंतर कळलं की कॅमेऱ्यात फिल्मचा रोल नीट अडकलाच नव्हता. धुतल्यावर कोरी पट्टी निघाली. सासूबाईंनी तेव्हा कुणाजवळ तक्रार केली नाही, पण दुसऱ्यांच्या घरी भिंतीवर लग्नाचा फोटो दिसला की त्या जरा जास्त वेळ उभ्या राहतात, हे वैशालीने कितीदा पाहिलं होतं. आता सोहळ्याला काय हवं असं मुलांनी विचारल्यावर त्यांनी पहिल्यांदा काही मागितलं. दोघांचा एक फोटो, ब्लॅक अँड व्हाइट, तेव्हा निघाला असता तसा. तो सगळ्या नातेवाइकांसमोर उघडायचा आणि मग ओटीवर लावायचा.

नितीनने हे ऐकलं आणि त्याला कोणीतरी पद्मश्री दिल्यासारखा तो घरभर फिरला.

सोहळा रविवारी होता. आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, मुक्कामाच्या तयारीने आम्ही स्कूटरवर निघालो. मी चालवत होते आणि नितीन मागे कॅमेऱ्याची बॅग पोटाशी धरून बसला होता. विरार पश्चिमेकडून बोळींजचा रस्ता घ्यायचा. तिथपर्यंत टॉवर, पाण्याचे टँकर आणि टू बीएचकेचे बोर्ड तुमची सोबत करतात. मग नंदाखालच्या बाजूला वळलं की रस्ता एकदम अरुंद होतो, दोन्हीकडे बागायती वाड्यांच्या दगडी गडग्यांवरून केळीची पानं बाहेर डोकावतात आणि जानेवारी असेल तर हवेत गारवा जाणवतो. स्कूटर नसेल तर विरारहून महापालिकेची बस किंवा शेअर रिक्षा मिळते, रविवारी मात्र वाट बघायची तयारी ठेवा. नंदाखालला शहाळं प्यायला थांबलो. शहरापेक्षा स्वस्त आणि मलई भरपूर. शहाळंवाला नारळ सोलत असताना नितीनने त्याचे फोटो काढले आणि मागच्या स्क्रीनवर त्याला दाखवले.

तो म्हणाला, "बिघडलाय का कॅमेरा?"

"नाही, मुद्दाम केलंय."

"आमच्या घरी एक टीव्ही असा झाला होता," तो सहानुभूतीने म्हणाला. त्याने कुणाकडून दुरुस्त करून घेतला तेही सांगितलं.

वटारला वैशालीचं घर वाडीच्या मधोमध आहे. माड, केळी, थोडी फुलझाडं, आणि घरामागे बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं छोटं तळं, ज्याच्या पाण्यावर पूर्वी सगळं शिंपणं चालायचं. इथल्या बऱ्याच वाड्यांत ते असतं, पुष्कळशी आता बुजवली गेली. यांचं शाबूत आहे. काठावर बसायला दगडी पायऱ्या आहेत आणि सकाळी त्या पाण्यात माडांच्या झावळ्या उलट्या दिसतात. नितीनने ते पाहिलं आणि बॅग उघडायच्या आधीच "टोन, टोन" असं काहीतरी पुटपुटायला लागला.

वैशालीच्या सासऱ्यांना सगळे अण्णा म्हणतात. उंच, वाकलेले, ऐकायला थोडं कमी येतं, पण जे ऐकायचं ते बरोबर येतं. सासूबाईंना आम्ही काकू म्हणू लागलो. काकू ठेंगण्या, आणि कपाळावर जुन्या रुपयाएवढं कुंकू. टिकली नाही, मेण लावून वर कोरडं कुंकू, रोज सकाळी आरशात न बघता लावतात. दोघं आपसात इथली बोली, वाडवळी, बोलतात. आमच्याशी बोलताना मात्र शाळा तपासायला साहेब आल्यासारखी जपून मराठी. तिसरी व्यक्ती जिजी, अण्णांची धाकटी बहीण. लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या, त्या इथेच राहिल्या. फिकट पिठूर रंगाची साडी, मोकळं कपाळ, आणि घरातलं निम्मं काम त्यांच्या हातून झालेलं असतं पण ते करताना त्या कुणाला दिसत नाहीत.

काकूंनी खास साडी नेसली होती. लालभडक रेशमी, सोहळ्यासाठी घेतलेली. अण्णा धोतर आणि कोट घालून बावखलाच्या पायरीवर बसले.

"नैसर्गिक राहा," नितीन म्हणाला.

अण्णा म्हणाले, "नितीनराव, ऐंशी वर्षं तेच करतोय. आज कोट घातलाय म्हणून अडचण होतेय."

पाण्यावरून गार वारा येत होता, म्हणून काकूंनी पदर दोन्ही खांद्यांवरून लपेटून घेतला. नितीनने तो तसाच ठेवायला सांगितला, जुन्या फोटोत असाच असतो म्हणे. फोटो काढताना अण्णा काकूंच्या कानात काहीतरी बोलले. काकू म्हणाल्या, "मना हसवू नका, माझा फोटो यायचाय." मला मनापासून हसू आलं. त्याच क्षणी नितीनने बटण दाबलं. तो फोटो खरंच सुंदर आला, हे मी बायको म्हणून सांगत नाही. काकू हसू दाबतायत, अण्णा आपण काही बोललोच नाही असा चेहरा करून समोर बघतायत.

"रंग कुठे गेले?" स्क्रीन बघून अण्णांनी विचारलं.

"आहेत आत. पण रंगामुळे लक्ष विचलित होतं. नंतर काढून टाकतो."

"कॅमेऱ्याला रंगाचे पैसे भरलेत ना?"

"हो."

"मग काढून का टाकता?" नितीनने लेन्सला झाकण लावलं. हाच प्रश्न मी गेले कित्येक महिने विचारतेय.

जाता जाता त्याने जिजींचाही एक फोटो काढला. त्या मागच्या दारात फुलं निवडत होत्या. रंगीत आणि काळा-पांढरा, दोन्ही शेजारी ठेवून त्याने मला दाखवले. "बघ, यांच्या फोटोत फार काही करावंच लागत नाही. जवळजवळ सारखेच आहेत," तो खूश होऊन म्हणाला. मीही हो म्हटलं आणि तिथून पुढे गेले.

दुपारी जेवायला उकडहंडी होती. थंडीत इकडे आलात तर ती चुकवू नका. कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा, सगळं एका हंडीत भरून वाफेवर शिजवतात आणि वर ओलं खोबरं पडतं. हॉटेलात मिळत नाही, कुणाच्या तरी घरचं आमंत्रण कमवावं लागतं. जेवण झाल्यावर नितीन ओटीवर लॅपटॉप घेऊन बसला. वैशालीने सोहळ्याआधी बघणार नाही म्हणून शपथ घेतली होती, ती डोळ्यांवर हात ठेवून चहा देऊन गेली. म्हणजे त्या फोटोला प्रेक्षक मी एकटी.

ज्यांना घरी हे करून बघायचंय त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, कारण मला आता याचे क्लास घेता येतील इतकं मी ऐकलंय. फोटो काळा-पांढरा करणं म्हणजे नुसतं एक बटण दाबणं नाही. प्रत्येक रंगाचा करडा बनतो, आणि तो किती उजळ किंवा किती गडद व्हायचा हे तुम्ही ठरवता. लाल, पिवळा, हिरवा, निळा, प्रत्येकाची एक पट्टी असते. हिरवी उजवीकडे नेली की झावळ्या चांदीच्या होतात. निळी डावीकडे नेली की आकाश ढगाळ आणि गंभीर होतं. मग कॉन्ट्रास्ट वाढवायचा, अगदी काळ्याला जरा धुरकट करायचं, शेवटी वरून तो रवा. फिल्मच्या दिवसांत लोक लेन्सवर लाल काच लावून फोटो काढायचे, त्याने हाच परिणाम व्हायचा. "लाल वाढवला की चेहरा उजळतो," नितीन म्हणाला आणि लाल पट्टी हळूहळू उजवीकडे नेली.

ते बघण्यासारखं होतं. काकूंच्या गालांवरच्या सुरकुत्या विरघळायला लागल्या. अण्णांच्या कपाळावरचे काळसर डाग नाहीसे झाले. उन्हात सगळा जन्म वाडी केलेली दोन माणसं पाच मिनिटांत सायीसारखी गोरी आणि मऊ झाली. लाल साडी दुधी रंगाची होऊन चमकायला लागली. नितीन मागे रेलून बसला. मी म्हटलं, "खरंच छान झालाय रे." मला तो इतका आवडला होता की मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, जे छंदाच्या बाबतीत आमच्यात सहसा होत नाही.

संध्याकाळी निर्मळवरून पापडीला गेलो. वाडीतून जाणारा हा रस्ता स्कूटरसाठी उत्तम आहे, कारसाठी समोरून टेम्पो आला की धैर्याची परीक्षा. पापडीत एका फोटो लॅबमध्ये नितीनने मोठी प्रिंट काढायला दिली आणि तिथेच काळी लाकडी फ्रेम घेतली. प्रिंट आणि फ्रेम मिळून एका चांगल्या जेवणाइतका खर्च आला. प्रिंट होईपर्यंत बेकरीतला गरम पाव आणि चहा घेतला. प्रिंट ब्राऊन पेपरमध्ये बांधून आमच्या हाती आली आणि परतताना मी ती मांडीवर धरून मागे बसले, स्कूटर नितीनने चालवली. त्याने त्या रात्री एवढ्या हळू चालवली की एक सायकल आम्हाला ओलांडून गेली.

वटारला घरी पोचलो तेव्हा ओटीवर जिजी वाती वळत बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी सवाष्णी अण्णा-काकूंना ओवाळणार, ताटंभर दिवे लागणार, त्यांच्या वाती. मीही बसले. माझ्या वाती मधेच जाड होत होत्या, जिजी त्या न बोलता उलगडून पुन्हा वळत होत्या.

मी विचारलं, "जिजी, तुम्ही उद्या कुठली साडी नेसणार?"

"हीच. मागे स्वयंपाकघरात असते मी. तिथे कोन बघते?" त्यांनी सहज सांगितलं आणि आणखी एक वात परातीत टाकली. मी वातीचं कौतुक केलं.

रविवारी सकाळपासून वाडीत माणसं जमली. होम झाला, धुराने नितीनच्या लेन्सचे हाल झाले. अण्णा-काकू पाटावर बसले. काकूंना बायकांनी हळद-कुंकू लावलं, कपाळ जवळजवळ भरून गेलं. मग ओवाळण्याआधी मुलांनी आणलेली भेट द्यायची म्हणून वैशालीच्या नवऱ्याने आमचं ब्राऊन पेपरचं बंडल काकूंच्या मांडीवर ठेवलं. काकूंनी दोरी सोडायला वेळ लावला. गाठ तोडू देईनात, सोडवायचीच होती. कागद बाजूला झाला आणि मागे उभ्या असलेल्या बायका पुढे वाकल्या.

पहिल्यांदा सगळे "वा, वा" म्हणाले. मग ते वा-वा मधेच थांबलं.

शेजारच्या वाडीतल्या एक आजी होत्या, बऱ्याच वयाच्या. त्या सरळ म्हणाल्या, "अगदी जिजीसारखी दिसते."

मग मला दिसलं. फोटोतल्या काकूंच्या कपाळावर काहीच नव्हतं. स्वच्छ, उजळ, मोकळं कपाळ. लाल उजवीकडे नेताना सुरकुत्या गेल्या, डाग गेले आणि त्याच लाटेत कुंकूही गेलं. लाल साडीची पांढरी साडी झाली होती. पदर खांद्यांवरून लपेटलेला, त्यामुळे मंगळसूत्रही झाकलेलं. शेजारी नवरा बसलेला असताना एक विधवा हसू दाबत होती, आणि तो फोटो त्या बाईच्या मांडीवर तिच्या सोहळ्यात उघडला होता. आदल्या दुपारी मी तो बराच वेळ बघितला होता. माझ्याच कपाळावर ऑफिसच्या सवयीने कित्येक वर्षांत काही नाही, त्यामुळे काय नाही ते मला दिसलंच नव्हतं. नितीनकडे बघितलं. तो पांढराफटक पडला होता आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याशी खेळत होता.

काकूंनी फोटोच्या काचेवरून बोट फिरवलं, कपाळाच्या जागी. धूळ असेल तर पुसली जाईल असं. वैशालीने फ्रेम उचलायला हात पुढे केला.

"ठेव," अण्णा म्हणाले. त्यांनी ती फ्रेम आपल्या मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्यांच्या अगदी जवळ आणून बघितली. खूप वेळ बघितली. गुरुजी मंत्र पुढे न्यायचे थांबले.

मग ते म्हणाले, "बरं झालं दाखवलंत, नितीनराव. एरवी हे बघायला मी नसतो."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. काकू म्हणाल्या, "अहो, आज तरी असलं बोलू नका."

"आजच बोलायचं. बघितलंय म्हणून बोलतो." त्यांचा आवाज मोठा होता, कमी ऐकू येणाऱ्यांचा असतो तसा, त्यामुळे मागच्या दारापर्यंत गेला. "मला हे आवडलेलं नाही. ही अशी दिसायला नको. मी गेल्यावर हिच्या कपाळाला कोणी हात लावायचा नाही. मुलांनो, ऐकलंत का?"

मुलांनी माना डोलावल्या. काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि त्याच वेळी त्यांना हातानेच गप्प बसा म्हणून खुणावत होत्या.

अण्णांनी फोटो पुन्हा बघितला, मग मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे. तिथे जिजी भांडं पुसत उभ्या होत्या. ते वाडवळीत काहीतरी बोलले, वैशालीने मला नंतर सांगितलं. इतकी वर्षं मी तुझ्याकडे बघतो, मला काही दिसलं नाही, फोटोत दिसलं, असं म्हणाले ते. माझे डोळे भरले, ते लपवायला मी दिव्यांच्या ताटाकडे बघायला लागले.

"जिजी, ये. तू ओवाळ," अण्णा म्हणाले.

"मना नको. सवाष्णींचं काम ते."

"वाती कोणी वळल्या?"

"मीच वळल्या."

"मग दिवे दुसऱ्याने कशाला पेटवायचे?"

गुरुजींनी घड्याळाकडे पाहिलं. पुढे दुसरीकडेही त्यांचा कार्यक्रम होता. ते म्हणाले, "बहिणीने भावाला ओवाळायला हरकत नसावी. ताईंनी सुरुवात करावी." तेवढ्याने काम झालं. जिजी पुढे आल्या, हात पदराला पुसत, दिवे स्वतःच पेटवले आणि ताट हातात घेतलं. त्यांनी अण्णांना टिळा लावला आणि काकूंपाशी थांबल्या. काकूंच्या कपाळावर आधीच इतकं कुंकू होतं की जागा नव्हती.

"लावा हो," काकू म्हणाल्या. "फोटोत राहिलंय तेवढं लावा." मग कुठे सगळे हसले. जिजींनी बोट कुंकवात बुडवलं आणि त्या भरलेल्या कपाळावर अजून एकदा लावलं.

जेवणात केळफुलाची भाजी, वालाचं बिरडं आणि पुरणपोळी होती, नितीनने यातलं काहीच धड खाल्लं नाही. हात धुवून तो काकूंकडे गेला, मी मागे उभी राहिले. तो माफी मागायला लागला तशी काकूंनी त्याला मधेच थांबवलं.

"माझ्या सुरकुत्या कुठे नेल्यास?" त्यांनी विचारलं. आता त्या त्याला तू म्हणायला लागल्या होत्या. "इतक्या कष्टाने आणल्या होत्या."

"काकू, आज घरी जाऊन नवीन करून देतो."

"दे. कुंकू घाल, सुरकुत्या घाल. आणि ते वरून काय घालतोस ते कमी घाल, पावसात भिजलेली भिंत वाटते." त्या एका वाक्यात त्याच्या ग्रेनचा निकाल लागला. मी कित्येक महिने जे करू शकले नव्हते ते त्यांनी भात-वरणाची पंगत उठता उठता करून टाकलं.

निघताना वैशालीने केळीच्या पानात बांधलेली सुकेळी दिली. ही वसईची वाळवलेली गोड केळी, बाजारात मिळतात पण कुणाच्या घरची मिळाली तर घ्या. परतीच्या वाटेवर नंदाखालला सूर्य माडांच्या मागे चालला होता, सगळीकडे तांबूस उजेड. एरवी नितीनने स्कूटर थांबवायला लावली असती. त्याने कॅमेरा बॅगेतून काढला नाही, मागे बसून फक्त बघत राहिला. मला त्याची जरा कीव आली आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं.

घरी आल्यावर चहासुद्धा न घेता तो लॅपटॉपवर बसला. यावेळी लाल पट्टी डावीकडे नेली. काकूंच्या कपाळावर आधी एक फिकट सावली आली, मग ती गोल झाली, मग शाईचा थेंब पडावा तशी काळीभोर. त्याचबरोबर गालांवरची प्रत्येक रेघ परत आली, अण्णांच्या कपाळावरचे डाग परत आले, कानाजवळचा एक जुना व्रणही आला जो कालच्या फोटोत दिसलाच नव्हता. लाल साडी रात्रीसारखी गडद झाली.

"फार म्हातारे दिसतायत," नितीन म्हणाला. "चेहरा तेवढा मऊ करू का?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे." त्याने राहू दिलं. ग्रेन टाकायला माऊस नेला, थांबला आणि अगदी चिमूटभर टाकला.

या प्रवासाचं काय राहिलं म्हणाल तर वटार घराजवळ आहे एवढं तर कळलंच. पण गेला आठवडाभर मला जिजींचा तो फोटोच आठवतो. रंगीत आणि काळा-पांढरा शेजारी ठेवलेले, जवळजवळ सारखेच. ते बघून आम्ही दोघं खूश झालो होतो, आणि अण्णांना सोहळ्यात दिसलं ते आम्हाला आदल्या दिवशी हातात असून दिसलं नव्हतं. याचं मला वाईट वाटतं आणि वाटत राहील. या लेखात ना काकू-अण्णांचा फोटो टाकलाय ना जिजींचा. बावखल आणि माड आहेत, ते बघा.

नवा फोटो पाठवला त्याच संध्याकाळी वैशालीच्या फोनवरून काकूंचा व्हॉइस मेसेज आला. मागे अण्णा काहीतरी बोलत होते आणि काकू त्यांना गप्प करत होत्या.

"नितीन, फोटो आवडला. ओटीवर लावते. आणि ऐक, तो पहिला फोटो फेकायचा नाही असं यांनी सांगितलंय. फ्रेममध्ये मी नव्याच्या मागे तोच ठेवणार आहे. यांचं काही खरं नाही, चारचौघांत बोलून गेले. पुढे मुलांनी म्हटलं, अण्णा असं बोललेच नव्हते, तर मी फ्रेम उघडून दाखवीन."

नितीनने तो मेसेज दोनदा ऐकला. मग पहिला फोटो फोल्डरमधून शोधून त्याच्या नावापुढे काकूंचं नाव टाकलं आणि दोन ठिकाणी जपून ठेवला.